जावक

गुदैबियातलं मोइदुण्णीचं दुकान बंद व्हायच्या आठवड्यात
सगळ्या डीव्हीडींना एकच भाव होता, दोनशे फिल्स.
मी तळातून उचलली ती झेरॉक्सच्या कव्हरची,
निळी शाई एका बाजूला वाहिलेली:
‘जावक’. मराठी. एक तास एकोणीस मिनिटं.
मोइदुण्णी म्हणाला, हिला आजवर कुणी हात लावला नाही,
पैसे राहू दे.
मी दिले. उधारी नको, सिनेमाचीसुद्धा.

गुरुवारी रात्री येल्लय्या वरच्या बंकवर घोरायला लागल्यावर
जुना लॅपटॉप काढला. नव्याला डीव्हीडीची खाच नाही.

मिरजेतलं एक विमा कार्यालय.
खरं तर कुणाचा तरी हॉल,
फायलींच्या मागे स्वयंपाकाचा ओटा दिसतो.
आवक-जावकच्या टेबलाशी उगारे नावाचा माणूस.
त्याचं एक पत्र साहेब चौदा वेळा परत पाठवतात
स्वल्पविरामासाठी.
माइकची सावली त्याच्या टकलावरून फिरते.
भिंतीवरचं घड्याळ दहा दाखवतं, मग सव्वाचार, मग पुन्हा दहा,
आणि मला ती चूक वाटली नाही.

मी सित्र्याला डॉक्युमेंट कंट्रोलर.
पाइपलाइनच्या आराखड्यांवर नंबर टाकतो,
रेव्ह झीरो, रेव्ह वन, रेव्ह वन ए.
पाइप अजून पाहिलेला नाही.

चाळिसाव्या मिनिटाला उगारे राजीनामा लिहितो,
स्वतःच जावक क्रमांक घालतो, पाकीट थुंकीनं चिकटवतो,
आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालात ते पाकीट
त्याच्याच टेबलावर येऊन पडतं.
काय करणार, आवकही तोच बघतो.
नोंद करतो. शिक्का मारतो: ‘प्राप्त’.
मी इतका हसलो की बंक हलला.
‘क्या देख रहा?’
‘ऑफिस.’
‘छुट्टी में भी?’ म्हणत येल्लय्यानं कूस बदलली.
माझाही राजीनामा आहे, ड्राफ्टमध्ये.
रेव्ह सात.

मग डब्याचा प्रसंग आला, आणि उगारेच्या मागे कॅलेंडर.
मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा थांबवलं.
मनामाच्या मनी एक्स्चेंजचं कॅलेंडर,
शुक्रवार लाल, खाली आमच्याच गल्लीचा पत्ता,
वर समुद्रावरून सौदीकडे जाणारा तो लांब पूल.
कुणाच्या तरी मेव्हण्यानं नेलं असेल,
खजूर, टायगर बाम, आणि गुंडाळी करून हे.
सजावटीला पैसे नव्हते म्हणून घरात होतं ते भिंतीवर.
मार्च २००४.
त्याच मार्चमध्ये मी इथे उतरलो होतो,
स्वेटर घालून, कुणी सांगितलंच नव्हतं काही.

उगारे चपातीचा तुकडा हातात धरून पुलाकडे बघत राहतो.
बराच वेळ. संवाद नाही.
संगीतालाही पैसे उरले नसावेत.
त्याला वाटत असेल, तिकडे कुणी तरी आहे
ज्याला स्वल्पविराम विचारत नाहीत.
आणि तो कुणी तरी इकडे, एसीचं पाणी बादलीत ठिबकताना,
त्याच्या चपातीकडे बघत होता.

शेवट मला कळला नाही, डीव्हीडी तिथेच घासलेली.
उगारे दारापर्यंत जातो, चौकोन चौकोन होतो,
एक हात वर,
निरोपाचा की दिव्याच्या बटणाकडे, सांगता येत नाही.
मग नावं.
लेखन, दिग्दर्शन, चहा: एकच माणूस.
पडदे, डबा व कॅलेंडर: प्रमिलावहिनी.

दुसऱ्या दिवशी मोइदुण्णीला सांगायला गेलो.
शटर अर्धं खाली, आत कुणी भिंतीत ड्रिल मारत होता,
मोबाइलचं दुकान येतंय.
मोइदुण्णी गेला होता पहाटेच्या विमानानं.
मी वाकून आत गेलो, ड्रिलवाल्याला म्हटलं,
वो पिक्चर अच्छा था.
त्यानं कानातला कापसाचा बोळा काढला.
बंगाली होता. ‘की?’ म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.